बारावी ते उजवी सीट: नाशिकरोडहून पायलट होताना लागलेला वेळ, पैसा आणि कागद

नोव्हेंबर 2025 मध्ये माझी रिलीज चेक, म्हणजे प्रशिक्षणातून मोकळं करणारी शेवटची चाचणी, झाली आणि मी एअरबस ए320 वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरची को-पायलट, म्हणून रीतसर कामाला लागले. पहिला अर्ज भरला होता जून 2021 मध्ये. कामाला लागल्यापासून नाशिकमधल्या मुलामुलींचे, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांचे फोन येत असतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांनी तेच सांगते, म्हणून एकदा सलग लिहून काढते आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. विमान चालवायला शिकणं हा यातला आनंदाचा आणि बऱ्यापैकी सरळ भाग आहे. माणूस दमतो तो मुदतींनी. मेडिकलला मुदत, रात्रीच्या उड्डाणांना मुदत, स्किल टेस्टला, म्हणजे उड्डाणाच्या परीक्षेला मुदत, इन्स्ट्रुमेंट रेटिंगला, म्हणजे बाहेर न बघता फक्त उपकरणांवर विमान उडवायच्या पात्रतेला मुदत. एक कागद हातात येईपर्यंत दुसरा संपत आलेला असतो, आणि संपला की पुन्हा पैसे. कर्ज काढताना हा खर्च कुणी हिशेबात धरत नाही.

पप्पा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नाशिककरांना प्रेस म्हटलं की कळतं. इतरांसाठी सांगते, भारत प्रतिभूती मुद्रणालय, जिथे पासपोर्ट छापले जातात. घर जेल रोडला. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, त्यामुळे डोक्यावरची घरघर रोजचीच. तिकडे ओझरला एचएएल, विमानांचा कारखाना. माझे एक काका ओझर मिगला नोकरीत, विमानं जोडणाऱ्यांतले. पण नागरी पायलट व्हायचं कसं, हे आमच्या ओळखीत कुणालाच माहीत नव्हतं. काका म्हणाले, "लायसन्सचं मला नको विचारूस बाळा, ते सगळं दिल्लीचं काम." दिल्लीचं काम म्हणजे डीजीसीए, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. परीक्षा, मेडिकलचा निकाल, लायसन्स, सगळं त्यांच्याकडून येतं.

मी 2020 ला बिटको कॉलेजातून बारावी सायन्स झाले आणि बीएस्सीला प्रवेश घेतला. कमर्शियल पायलट लायसन्स, म्हणजे सीपीएल, यासाठी बारावीला फिजिक्स आणि गणित लागतं. कॉमर्स किंवा आर्ट्सची मुलं हे दोन विषय एनआयओएसमधून, म्हणजे मुक्त विद्यालयातून, वेगळे देऊ शकतात. माझ्या बॅचमध्ये असे दोघे होते आणि दोघेही आज उडतात. सीपीएल मिळायला वय 18 पूर्ण हवं.

पहिलं पाऊल मेडिकलचं. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबईला डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडे क्लास टू मेडिकल केलं. रक्त, लघवी, ईसीजी, एक्स-रे, कान, डोळे. चष्मा चालतो, हे ऐकून आईचा जीव भांड्यात पडला, कारण तिला वाटत होतं माझ्या चष्म्यावरच सगळं अडणार. नंबर ठरलेल्या मर्यादेत असावा आणि चष्म्याने नजर पूर्ण यावी, एवढं बघतात. रंग ओळखता येणं मात्र काटेकोर तपासतात.

क्लास टू झालं की डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर फाइल नंबर मिळतो आणि मग क्लास वन मेडिकल करता येतं. सीपीएलला क्लास वनच लागतं. ते मी जानेवारी 2022 मध्ये बेंगळुरूला हवाई दलाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये केलं. तिथे पायांची लांबी आणि बसल्यावरची उंचीसुद्धा मोजतात, कॉकपिटमध्ये हातपाय नीट पोचतील का ते बघायला. माझं बाकी सगळं व्यवस्थित होतं, हिमोग्लोबिन कमी निघालं. निकाल: टेम्पररी अनफिट.

हा शब्द कागदावर वाचला त्या रात्री मी बेंगळुरूच्या लॉजवर खूप रडले. म्हणून मुद्दाम सांगते, टेम्पररी अनफिट म्हणजे शेवट नाही. त्या कागदावर कारण लिहिलेलं असतं, पुन्हा कधी आणि कुठे तपासायचं तेही असतं. मी नाशिकला परत येऊन फिजिशियनना दाखवलं, लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, आईने नाचणी, बीट, खजूर यांचा मारा केला आणि एप्रिलमध्ये रिव्ह्यूला फिट झाले. मुलींनी तर बेंगळुरूचं तिकीट काढण्याआधी दोन महिने जवळच्या लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करून घ्यावी. साध्या तपासणीने एक फेरी वाचते. आणि पालकांना विनंती: क्लास वनचा निकाल हातात येईपर्यंत कोणत्याही फ्लाइंग स्कूलला मोठी रक्कम भरू नका. स्कूलचे लोक "सीट जाईल" म्हणून घाई करतात. सीट मिळते. मेडिकलला आयुष्यभराची अडचण निघाली तर भरलेले पैसे परत मिळवणं फार कठीण असतं.

मेडिकलच्या बरोबरीने कॉम्प्युटर नंबरचं काम सुरू होतं. डीजीसीएची लेखी परीक्षा द्यायला हा नंबर लागतो आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिका खऱ्या आहेत असं बोर्डाचं पडताळणी पत्र लागतं. नाशिकला विभागीय मंडळाचं कार्यालय शहरातच आहे, हे आपलं नशीब. माझ्या वर्गातल्या परराज्यातल्या मुलांना यासाठी रेल्वेने गावी जावं लागलं. मला पत्र मिळायला तीन आठवडे लागले.

तिथून पुढचा गुंता नावाचा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. माझ्या आधारवर पप्पांच्या नावाचं स्पेलिंगही एका अक्षराने वेगळं होतं. सगळं दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे करून घेतलं: आधी आधार, मग पॅन, मग पासपोर्ट. मधल्या काळासाठी मध्यवर्ती बसस्थानकाजवळ कोर्टाच्या आवारात नोटरीकडून प्रतिज्ञापत्र केलं. या एका अक्षरावर दीड महिना गेला. दहावीत असलेल्या मुलांच्या पालकांनी हे आत्ताच तपासावं. पुढे प्रत्येक लायसन्सवर, एअरपोर्टच्या पासवर, बँकेच्या कागदांवर तेच नाव जुळवून बघतात. डिसेंबर 2021 मध्ये कॉम्प्युटर नंबर आला.

ग्राउंड क्लास पुण्याला लावले होते, फी दोन लाख वीस हजार. विषय असे: एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकणार त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. पास व्हायला प्रत्येकात 70 टक्के. नियमित परीक्षा वर्षातून चार वेळा, कॉम्प्युटरवर, पर्याय निवडायचे. मी 2022 च्या मार्चला हवामान आणि रेग्युलेशन्स, जूनला टेक्निकल आणि सप्टेंबरला नेव्हिगेशन दिलं.

हवामानशास्त्र मला मनापासून आवडलं आणि ते आवडायचं कारण नाशिक. दर थंडीत पेपरमध्ये निफाडचा पारा छापून येतो. नाशिक शहरापेक्षा निफाड इतकं गार का, हा प्रश्न मला शाळेपासून होता. आकाश निरभ्र, वारा पडलेला, कोरडी हवा: रात्री जमीन आपली उष्णता भराभर वर सोडते, जमिनीलगतची हवा थंड होऊन खोलगट भागात साचते आणि वरची हवा तिच्याहून उबदार राहते. यालाच इन्व्हर्शन म्हणतात. त्यात ओलावा असला की पहाटे धुकं धरतं आणि धावपट्टी दिसेनाशी होते. द्राक्षबागेवर पडणारी गारपीट आणि पायलट ज्या ढगाला पन्नास कोस लांबून वळसा घालतो तो क्युम्युलोनिम्बस, हे एकच प्रकरण. गारा वरच्या थरात तयार होतात, कारण त्या ढगात हवा जोरात वर चढत असते. तीच हवा विमानाला झोडपते. हे असं आपल्या गावावर लावून वाचलं की पाठ करावं लागत नाही.

नेव्हिगेशनला मात्र पर्याय नाही, रोज गणितं सोडवायची. एक-साठचा नियम, म्हणजे साठ मैलांत एक मैल बाजूला सरकलात तर एका अंशाची चूक, हा मला आजही डोक्यातल्या डोक्यात उपयोगी पडतो. मी नकाशावर नाशिक ते जळगाव, नाशिक ते सोलापूर असे मार्ग आखून वाऱ्याचा हिशेब करायचे.

आता पैसे. फ्लाइंगचं पॅकेज, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग धरून, 46 लाख ठरलं. राष्ट्रीयीकृत बँकेने शैक्षणिक कर्ज 40 लाखांचं दिलं, व्याज साडेदहा टक्के, तारण जेल रोडचं राहतं घर. घराचं मूल्यांकन, सर्च रिपोर्ट, वकिलाची फी, गहाणखताची स्टॅम्प ड्युटी, हे सगळं कर्जाच्या बाहेरचं आहे, खिशातून जातं. पप्पा त्याच वर्षी निवृत्त होणार होते. सही करायच्या आदल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "पप्पा, तुम्हाला नको वाटत असेल तर मी बीएस्सी पूर्ण करते." ते म्हणाले, "घर मी तुमच्यासाठीच बांधलं होतं. फक्त मला प्रत्येक पावती दाखवायची." तेव्हापासून मी एक वही ठेवली, त्यात डावीकडे खर्च आणि उजवीकडे कोणता कागद कधी संपतो ती तारीख. ती वही अजून चालू आहे.

कर्जाबद्दल दोन गोष्टी. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण उचललेल्या रकमेवर व्याज चढत राहतं. जमेल तेवढं व्याज त्याच वेळी भरलेलं बरं, नाहीतर ते मुद्दलात जाऊन बसतं. दुसरं म्हणजे बँकेकडून रक्कम एकदम उचलू नका. उड्डाणाचे तास होतील तसे टप्पे पाडून घ्या आणि स्कूलच्या करारातही तेच टप्पे लिहून घ्या.

ऑक्टोबर 2022 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका फ्लाइंग स्कूलला गेले. नोव्हेंबरमध्ये स्टुडंट पायलट लायसन्स मिळालं, सेसना 172 वर शिक्षण सुरू झालं. पहिले आठवडे सरळ आणि समपातळीत उडणं, वळणं, मग स्टॉल, म्हणजे पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटून विमान खाली बसतं ती अवस्था आणि तिच्यातून बाहेर पडणं. मग सर्किट. टेक-ऑफ, चौकोनी फेरी, लँडिंग, पुन्हा टेक-ऑफ. लँडिंग जमेना तेव्हा सर म्हणाले, "जमिनीकडे बघू नकोस, धावपट्टीच्या टोकाकडे बघ." जमिनीकडे बघितलं की उंचीचा अंदाज चुकतो, लांब बघितलं की डोळ्याच्या कडेने जमीन वर येताना कळते. हे एका वाक्यात सांगता येतं, अंगात उतरायला महिना लागतो.

जानेवारी 2023 मध्ये पहिली सोलो. सर धावपट्टीजवळ उतरले, दार लावलं आणि हात केला. एक माणूस कमी झाल्याने विमान नेहमीपेक्षा चटकन उचललं जातं, हे आधी सांगितलेलं होतं, तरी ते जाणवलं तेव्हा अंगावर काटा आला. एक सर्किट, एक लँडिंग. उतरल्यावर मुलांनी बादलीभर पाणी ओतलं. आईला फोन केला तर ती आधी म्हणाली, "जेवलीस का?" आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

सीपीएलला एकूण 200 तास लागतात. त्यात 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, आणि त्यातले 15 अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत झालेले. किमान 20 तास क्रॉस-कंट्री, म्हणजे आपला विमानतळ सोडून लांबचा प्रवास, त्यात एक प्रवास 300 नॉटिकल मैलांचा, दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. दहा तास इन्स्ट्रुमेंट, म्हणजे फक्त उपकरणांवर उडणं. रात्रीचे पाच तास, किमान दहा टेक-ऑफ आणि लँडिंगसह, तेही अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतले. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी वेगळी भर: 50 तास क्रॉस-कंट्री आणि 40 तास इन्स्ट्रुमेंट, ज्यातले जास्तीत जास्त 20 सिम्युलेटरवर चालतात.

आकडे वाचायला सोपे वाटतात. प्रत्यक्षात स्कूलने "दहा ते बारा महिने" सांगितलं होतं, मला सोळा लागले. विमानं कागदावर बरीच होती, पण काही सुट्या भागांची वाट बघत हँगरमध्येच उभी. बाकीच्यांवर विद्यार्थ्यांची रांग. 2023 चा पावसाळा जवळपास पूर्ण बसून काढला. त्याआधी मे महिन्यात माझं रात्रीचं उड्डाण करून घेतलं होतं. पावसाळा, मग मल्टी-इंजिन विमान बंद, असं करत अर्जाची वेळ आली तेव्हा त्या रात्रीच्या तासांना सहा महिने उलटून गेले होते. ते पुन्हा उडावे लागले, आणि त्या तासांचे पैसे पॅकेजच्या बाहेर. जवळपास 85 हजार. मी स्कूलला लेखी विचारलं, उत्तर आलं नाही. माझ्याबरोबरच्या सगळ्यांचं हेच झालं.

म्हणून स्कूल बघायला जाल तेव्हा तिथे दोन दिवस राहा. "विमानं किती" हे विचारू नका. आज सकाळी त्यातली किती उडाली ते डोळ्यांनी मोजा. मल्टी-इंजिन विमान चालू आहे का, इन्स्ट्रक्टर किती, एका विद्यार्थ्याला गेल्या महिन्यात किती तास मिळाले, हे ऑफिसात न विचारता मेसमध्ये जेवणाऱ्या मुलांना विचारा. 2025 पासून डीजीसीए फ्लाइंग स्कूलची क्रमवारी जाहीर करायला लागली आहे, तीही बघा. आणि रात्रीचे तास, स्किल टेस्ट या गोष्टी शेवटच्या टप्प्यात लागोपाठ ठेवायचा आग्रह धरा. टेस्टमध्ये दिवसाचं आणि रात्रीचं उड्डाण, 250 मैलांची दिवसाची आणि 120 मैलांची रात्रीची क्रॉस-कंट्री येते, आणि त्यांनाही सहा महिन्यांचीच मुदत.

बसून राहिलेल्या पावसाळ्याचा एक उपयोग झाला, आरटीआर. विमानातून रेडिओवर बोलायचा परवाना. तेव्हा ही परीक्षा दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा घ्यायची. आधी प्रत्यक्ष संभाषणाचा भाग, मग तोंडी. तोंडीला समोर पॅनेल बसतं आणि अँटेनापासून आणीबाणीच्या संदेशापर्यंत काहीही विचारतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथे इंग्रजीची भीती वाटते. मी स्वतः सातवीपर्यंत मराठी शाळेत होते. रेडिओवरचं इंग्रजी ठरलेल्या शब्दांचं असतं, त्यात अलंकार नसतात. होस्टेलच्या गच्चीवर आम्ही दोघी जणी एक टॉवर, एक विमान होऊन रोज तासभर बोलायचो. तेवढ्याने जमतं. त्याशिवाय इंग्रजी प्रावीण्याची वेगळी चाचणी असते, तिथे किमान चौथी पातळी लागते.

फेब्रुवारी 2024 मध्ये तास संपले. लॉगबुकचं प्रत्येक पान तपासून, सह्या-शिक्के घेऊन, भारतकोशवर फी भरून ईजीसीएवर अर्ज टाकला. एका पानावरच्या बेरजेत फरक असल्याने अर्ज एकदा परत आला. मे 2024 मध्ये सीपीएल मिळालं. मी नाशिकला घरी आले.

आणि इथून सगळ्यात अवघड काळ सुरू झाला. लायसन्स आहे, नोकरी नाही. शेजारी विचारतात, "मग कोणत्या विमानावर?" नातेवाईक विचारतात, "अजून घरीच?" त्याआधी, मे 2023 मध्ये, एक विमान कंपनी बंद पडल्याने अनुभवी पायलटही नोकरी शोधत होते. नवशिक्यांच्या जागा निघायच्या, पण काही ठिकाणी आधीच ए320 चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि पात्रता, केलेलं हवं, काही ठिकाणी कंपनीच करून देणार पण पैसे आपले. खूप जण घाईने स्वतःच्या पैशाने टाइप रेटिंग करून बसतात. माझं मत स्पष्ट आहे: नोकरीचं पत्र हातात नसताना पंधरा-अठरा लाख त्यावर घालू नयेत. त्या रेटिंगलाही वापरात ठेवायचा खर्च असतो. मी थांबले. त्या महिन्यांत सकाळी बारावीच्या मुलांच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेतल्या, दुपारी विषयांची उजळणी केली, संध्याकाळी आईबरोबर मुक्तिधामपर्यंत चालत जाऊन यायचे. घरातलं कुणी "काय झालं गं" असं विचारत नव्हतं, याचे उपकार मी विसरणार नाही.

या काळात मला सौदामिनी देशमुख यांच्याबद्दल वाचून फार धीर आला. 1985 साली इंडियन एअरलाइन्सच्या फॉकर फ्रेंडशिप विमानात कॅप्टन त्या आणि को-पायलट निवेदिता भसीन, दोघी स्त्रिया. आपल्या भाषेच्या घरातलं नाव चाळीस वर्षांपूर्वी डाव्या सीटवर होतं, हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबर 2024 मध्ये एका कंपनीची निवड प्रक्रिया झाली: लेखी परीक्षा, कॉम्प्युटरवरची अ‍ॅप्टिट्यूड चाचणी, मानसशास्त्रीय प्रश्नावली, गटचर्चा, मुलाखत. मुलाखतीत सीपीएलच्या मूळ गोष्टीच विचारल्या. पंखाला उचल कशी मिळते, मेटार, म्हणजे विमानतळाचा हवामान अहवाल, वाचून दाखवा, इंधन किती घ्याल आणि का. निवड झाली. पण जानेवारी 2025 ला माझं इन्स्ट्रुमेंट रेटिंग संपत होतं, त्याची मुदत एक वर्षाची. म्हणून डिसेंबरात पुन्हा मल्टी-इंजिन विमानावर चेक, एक लाख साठ हजार. वही उघडून तारीख आधी बघितली होती म्हणून रुजू होण्याच्या आत काम झालं. माझ्याबरोबर निवडलेल्या एका मुलाला याच कारणाने पुढच्या बॅचपर्यंत थांबावं लागलं.

एअरपोर्टच्या प्रवेशपत्रासाठी पोलीस पडताळणी लागते. ती नाशिकरोड पोलीस ठाण्यातून झाली. गेल्या काही वर्षांत जिथे जिथे राहिलात तो प्रत्येक पत्ता द्यावा लागतो, होस्टेलचासुद्धा. होस्टेलच्या पावत्या फेकू नका.

टाइप रेटिंग फेब्रुवारी ते एप्रिल, खर्च पंधरा लाख, कर्ज वाढवून घेतलं. आधी वर्गात आणि कॉम्प्युटरवर विमानाच्या यंत्रणा, मग सिम्युलेटर. रात्री दोनचा स्लॉटही असतो. सिम्युलेटरमध्ये सगळं बिघडवतात: टेक-ऑफच्या ऐन वेगात एक इंजिन बंद, हायड्रॉलिक जाणं, धूर, केबिनमधला दाब कमी होणं. व्ही-वन म्हणजे तो वेग, ज्यानंतर विमान थांबवायचं नाही, उचलायचंच. तो वेग ओलांडला की हात थ्रस्ट लिव्हरवरून, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायच्या दांड्यावरून, काढून घ्यायचा, कारण आता निर्णय बदलायचा नसतो. एअरबसच्या कॉकपिटमध्ये घाई हा सर्वात मोठा शत्रू आहे असं आमचे इन्स्ट्रक्टर रोज सांगायचे. अलार्म वाजला तरी आधी विमान उडवा, मग दिशा, मग बोलणं, मग यादी वाचा.

मे महिन्यात बेस ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी नसलेल्या खऱ्या विमानात टेक-ऑफ आणि लँडिंग. जूनमध्ये लायसन्सवर रेटिंगची नोंद झाली. जुलैपासून प्रवाशांसह सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग. शेजारी ट्रेनिंग कॅप्टन, मागे जम्पसीटवर सुरुवातीला आणखी एक सेफ्टी पायलट. विमान उंची स्वतः मोजून दाखवतं, "फिफ्टी, फॉर्टी, थर्टी, ट्वेंटी, रिटार्ड". नाक नेमकं केव्हा किती उचलायचं, हे या पाच शब्दांच्या लयीवर येतं. माझी काही लँडिंग्ज जोरात बसली. प्रत्येक वेळी कॅप्टन शांतपणे कारण विचारायचे, रागावले नाहीत.

आता रोजचं काम. बेस मुंबई, दोघी मिळून मरोळला भाड्याने राहतो. पहाटेची फ्लाइट असली की तीनला उठणं. रिपोर्ट केल्यावर आधी ब्रेथलायझर, तो शून्यच हवा. म्हणून खोकल्याचं औषध, माउथवॉश काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेत नाही. मग हवामान, नोटॅम म्हणजे वैमानिकांसाठीच्या सूचना, इंधन यांवर कॅप्टनशी चर्चा. एक जण विमानाभोवती फिरून टायर, इंजिन, सेन्सर बघतो. एका सेक्टरला, म्हणजे एका टेक-ऑफपासून लँडिंगपर्यंत, एक उडवतो, दुसरा रेडिओ आणि देखरेख सांभाळतो, पुढच्याला अदलाबदल. 28 दिवसांत जास्तीत जास्त 100 तास आणि वर्षात 1000 तास उड्डाण, ही कायद्याची मर्यादा. जुलै 2025 पासून आठवड्याची विश्रांती सलग 48 तासांची झाली आहे. माझ्यासाठी त्याचा अर्थ असा की पंचवटी एक्सप्रेसने घरी जाऊन एक रात्र झोपून परत येता येतं.

थकवा खरा आहे, आणि तो लपवू नये. झोप झाली नसेल तर तसं कळवायची सोय कंपनीत असते. दोनशेच्या आसपास माणसं मागे बसलेली असतात. सणवार चुकतात, या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मी इंदूरच्या हॉटेलवर होते. पण पावसाळ्यात ढगांच्या वर आल्यावर सह्याद्रीवर पसरलेला तो पांढरा थर बघितला की मला अजूनही पोटात तेच होतं जे पहिल्या सोलोला झालं होतं.

एकूण खर्च सत्तर लाखांच्या आसपास गेला: फ्लाइंग 46, टाइप रेटिंग 15, क्लास, होस्टेल, मेडिकल, प्रवास आणि मुदती उलटल्यामुळे पुन्हा केलेल्या गोष्टी मिळून उरलेले. कर्ज 55 लाखांचं, पंधरा वर्षांचं, हप्ता 61 हजारांच्या घरात. ट्रेनिंगमध्ये फक्त स्टायपेंड होता, तो मुंबईच्या भाड्यातच जायचा, त्या काळातलं व्याज पप्पांनी भरलं. पूर्ण पगार सुरू झाल्यापासून हप्ता मी भरते. ज्यांना हा आकडा घरावर फार जड वाटतो त्यांनी आधी पदवी पूर्ण करून, एक-दोन वर्षं नोकरी करून यावं. माझ्या बॅचमध्ये इंजिनिअरिंगनंतर नोकरी करून, 27 व्या वर्षी आलेला मुलगा होता आणि तो आम्हा सगळ्यांत शांत डोक्याचा होता.

वहीत पुढची तारीख एप्रिल 2026 ची आहे, क्लास वनचं नूतनीकरण. मार्चमध्ये घरी येईन तेव्हा सीबीसी करून घेणार आहे. त्यानंतर एटीपीएलच्या, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सच्या, अभ्यासाला बसायचं आहे. त्याला 1500 तास लागतात, आणि तास भरेपर्यंत पेपर देऊन ठेवता येतात.